ओळख दोन्ही बाजूंनी पटली पाहिजे

व्यापार विश्वासावर चालतो असे आपण नेहमी म्हणतो. परंतु जाणता व्यापारी आंधळा विश्वास कधीच ठेवीत नाही. उधारीवर माल मागणारे नवे गिऱ्हाईक आले तर ते कोठले, कोणाच्या ओळखीचे, बाजारात त्याची पत काय, याची चौकशी केली जाते. गिऱ्हाईकही दुकानदाराची पारख करून घेते. माल अस्सल आहे काय, वजन बरोबर आहे काय, हे पाहिल्याशिवाय ते पैसे काढीत नाही. ओळख दोन्ही बाजूंनी पटली म्हणजे सौदा होतो. बाजाराची ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

मोबाइलवरून चालणाऱ्या व्यवहारात ही रीत मोडली गेली आहे. तेथे प्रत्येक वेळी आपणच आपली ओळख द्यावयाची. नंबर सांगा, ओटीपी टाका, पिन टाका, अंगठा लावा, चेहरा दाखवा. समोरचा खरोखर बँक आहे, कंपनी आहे की भामटा आहे, हे तपासण्याचे साधन मात्र आपल्या हाती फारसे दिलेले नाही. मालेगावचा यंत्रमागवाला असो, धारावीचा चामड्याचा कारागीर असो की कोल्हापूरचा बागवान असो, आज त्याचे बँकखाते, जीएसटीची नोंदणी, मालाच्या ऑर्डरी आणि येणे-देणे हे सारे एका दहा आकडी नंबराला बांधलेले आहे. तो नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर एका रात्रीत दुकान रिकामे होऊ शकते. म्हणून हा विषय केवळ इंजिनिअरांचा नाही, तो आपल्या गल्ल्याचा आहे.

एकतर्फी ओळखीचा जुना दोष

हा दोष आजचा नाही. १९९१ साली फिनलंडमध्ये जीएसएम पद्धतीची मोबाइल सेवा सुरू झाली. हीच पद्धत पुढे जगभर पसरली आणि १९९५ साली भारतातही आली. तिच्यात ग्राहकाची ओळख पटविण्याची युक्ती चांगली होती. सिम कार्डात एक गुप्त किल्ली ठेवलेली असते आणि तिची जोडी फक्त कंपनीकडे असते. फोन टॉवरशी जोडला जाताना कंपनी एक आकडा पाठविते. सिम त्या आकड्यावर आपल्या गुप्त किल्लीने हिशेब करून उत्तर पाठविते. कंपनीही तोच हिशेब करून पाहते. दोन्ही उत्तरे जुळली की ग्राहक खरा. किल्ली स्वतः कधीच हवेतून प्रवास करीत नाही, त्यामुळे वाटेत कोणी ऐकले तरी ती त्याच्या हाती लागत नाही.

परंतु या योजनेत दोन मोठी भोके राहिली. पहिले असे की टॉवर फोनची परीक्षा घेतो, फोन टॉवरची परीक्षा घेत नाही. परिणामी कोणी बनावट टॉवर उभा केला तर फोन त्याला खरा समजून त्याच्याशी जोडला जातो. दुसरे असे की हिशेबाची सूत्रे गुप्त ठेवली की ती सुरक्षित राहतील असे धरून चालण्यात आले. १९९८ साली अमेरिकेतील बर्कले येथील संशोधकांनी अनेक कंपन्या वापरीत असलेले सूत्र फोडून सिमची नक्कल करता येते हे दाखवून दिले. त्या सूत्रातून संभाषणासाठी निघणाऱ्या किल्लीची लांबीही मुद्दाम कमी ठेवलेली आढळली. पुढे २००९ च्या डिसेंबरात जर्मन संशोधक कार्स्टन नोल यांनी बर्लिनच्या परिषदेत असे दाखविले की जीएसएमचे संभाषण ज्या कुलपात बंद असते ते साध्या सामग्रीने उघडता येते.

तिसऱ्या पिढीच्या नेटवर्कपासून ही चूक सुधारण्यात आली. तेथे फोनही नेटवर्कची परीक्षा घेतो, म्हणजे ओळख दोन्ही बाजूंनी पटते. चौथ्या पिढीत हे अधिक पक्के झाले. पाचव्या पिढीच्या पद्धतीत तर ग्राहकाची कायमची ओळखसुद्धा हवेतून उघडी न पाठविता कुलपात घालून पाठविण्याची सोय केली आहे. भारतात ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तथापि काही कंपन्यांची दुसऱ्या पिढीची सेवा आपल्याकडे अद्याप चालू आहे आणि साधे बटणाचे फोन तिच्यावर अवलंबून आहेत. नवा फोनदेखील सिग्नल कमकुवत झाला की पुष्कळदा जुन्या पद्धतीवर उतरतो. पुढच्या दाराला नवे कुलूप आणि मागचे दार जुन्या कडीवर, अशी ही अवस्था आहे.

कुलूप अर्ध्या वाटेपर्यंतच

आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी असते की मोबाइलवरचे बोलणे व एसएमएस हे पाठविणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत बंद पाकिटातून जातात. वस्तुस्थिती तशी नाही. एसएमएसला जे कुलूप असते ते फोनपासून नेटवर्कपर्यंतचे. कंपनीच्या यंत्रणेत पोचल्यावर पाकीट उघडले जाते. तेथून एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे आणि एका देशातून दुसऱ्या देशात तो पत्ता लिहिलेल्या पोस्टकार्डासारखा फिरतो.

या कंपन्या आपसात बोलतात ती एक जुनी सांकेतिक पद्धत आहे. तिला एसएस७ म्हणतात. ती रचली गेली तेव्हा जगात टेलिफोन कंपन्या मोजक्या होत्या आणि बहुतेक सरकारी होत्या. सगळेच एकमेकांच्या ओळखीचे, मग तपासणी कशाला, असा हिशेब होता. आज हजारो लहानमोठ्या कंपन्या या जाळ्यात आहेत. त्यांपैकी एखादी लबाड निघाली किंवा तिच्यात चोर शिरला तर तो दूर देशात बसून सांगू शकतो की अमुक ग्राहक सध्या माझ्या हद्दीत आहे, त्याचे संदेश माझ्याकडे पाठवा. २०१४ साली जर्मनीतील परिषदेत संशोधकांनी हा धोका जाहीरपणे मांडला. पुढे तो खरा ठरला. जानेवारी २०१७ मध्ये जर्मनीतील ओ२-टेलेफोनिका कंपनीच्या काही ग्राहकांचे बँकेचे एसएमएस याच मार्गाने वळविण्यात आले आणि खात्यांतून पैसे काढले गेले. खात्यांचे पासवर्ड चोरांनी आधीच मिळविले होते. मे महिन्यात कंपनीने ही घटना मान्य केली.

कोकणातील आपल्या कित्येक घरांतील माणसे आखाती देशांत नोकरी-व्यवसाय करतात. भारतातील सिम तेथे रोमिंगवर चालू ठेवून ते येथल्या बँकेचा ओटीपी मागवितात. हा ओटीपी वर सांगितलेल्या वाटेनेच तेथे पोचतो. शिवाय दुसराही एक धोका आहे. प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापरले नाही व त्यात पुरेशी शिल्लक नसली तर ते बंद होऊ शकते आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तेव्हा न्यायालयाने असे म्हटले की आपली माहिती जपण्यासाठी योग्य ती खबरदारी ग्राहकानेच घ्यावयाची आहे. म्हणून परदेशी असलेल्या भावाने किंवा मुलाने जुना नंबर सोडण्यापूर्वी बँकेतील नंबर बदलून घ्यावा. हे काम पुढच्या सुटीवर ढकलू नये.

चोर काउंटरवरून येतो

सूत्रे फोडणे, बनावट टॉवर उभारणे, परदेशातून संदेश वळविणे ही कामे अवघड व खर्चाची आहेत. आपल्याकडचा चोर सोपा मार्ग धरतो. तो सिम कार्डाच्या दुकानात जातो आणि माझे सिम हरविले आहे, दुसरे द्या, असे सांगतो. त्याच्याकडे आपल्या कागदपत्रांच्या नकला असतात, किंवा काउंटरवरचा माणूस त्याला सामील असतो. नवे सिम चालू झाले की आपले बंद पडते. त्या क्षणापासून आपला ओटीपी त्याच्या खिशात येतो.

डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत माहीम येथील एका कापड व्यापाऱ्याच्या बाबतीत असेच घडले. रात्री अनोळखी नंबरांवरून मिस्ड कॉल आले, सिम बंद पडले आणि खात्यातून १ कोटी ८६ लाख रुपये निरनिराळ्या खात्यांत वळते झाले. येथे गुप्त किल्लीचे शास्त्र कितीही भक्कम असले तरी उपयोग नव्हता. किल्ली फोडली नाही, नव्या किल्लीची जोडीच चोराच्या हाती दिली गेली. चोरांचा हा धंदा परदेशातही जोरात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटर कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांचे स्वतःचे ट्विटर खातेदेखील त्यांचा नंबर हिरावून असेच ताब्यात घेतले गेले. कंपनीच्या प्रमुखाची ही गत, तेथे कारागिराची काय कथा!

सरकारने या बाजूने काही पावले उचलली आहेत, हे मान्य केले पाहिजे. सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवावेत, असा आदेश दूरसंचार खात्याने २०२२ साली काढला. २०२३ साली सिम विक्रेत्यांची नोंदणी व पडताळणी सक्तीची झाली आणि बिननोंदणीच्या विक्रेत्यामार्फत ग्राहक जोडणाऱ्या कंपनीला १० लाख रुपये दंड ठेवण्यात आला. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार दुसऱ्याचे सोंग घेऊन सिम मिळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात.

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण मोबाइल दुरुस्तीचे व रिचार्जचे दुकान चालवितात आणि त्यांतील काही सिमही विकतात. त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की ग्राहकाचा अंगठा आणि आधारची प्रत ही तुमच्याकडे अमानत आहे. नीट लागला नाही म्हणून अंगठा पुन्हा घ्यावा आणि त्यावर दुसरेच सिम चालू करावे, असे प्रकार झालेले आहेत. चार पैशांच्या कमिशनसाठी यात पडणारा तरुण एका कुटुंबाला बुडवितो, आपल्या दुकानाला टाळे लावून घेतो आणि सगळ्या गल्लीला संशयाखाली आणतो.

दोन टोकांची सुरक्षा

यावर उपाय काय? वाटेवर विश्वास ठेवण्याऐवजी दोन टोकांनाच कुलूप लावावे, हा त्यातला मुख्य विचार आहे. पाठविणाऱ्याच्या फोनात संदेश बंद व्हावा आणि घेणाऱ्याच्या फोनातच उघडावा. मधल्या कंपनीला तो वाचता येऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संदेशांना अशी सोय लागू केली. यूपीआयमध्येही आपण टाकलेला पिन फोनातच कुलूपबंद होतो आणि ज्या अ‍ॅपमधून पैसे पाठवितो त्या अ‍ॅपला तो वाचता येत नाही. शिवाय यूपीआय सुरू करताना नंबर, सिम आणि तो विशिष्ट फोन यांची गाठ मारली जाते. नुसत्या नंबरावर भागत नाही. नुसत्या एसएमएसपेक्षा ही रचना निश्चित वरचढ आहे.

परंतु दोन टोकांची सुरक्षा टोकांपुरतीच खरी असते, हे विसरता कामा नये. टोकालाच चोर बसला तर कुलूप काय करणार? व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहनाच्या दंडाची पावती किंवा बँकेची सूचना या नावाने एपीके फाइल येते. ती उघडली की फोनात हेर शिरतो आणि प्रत्येक एसएमएस बाहेर पाठवितो. तसेच व्हॉट्सअ‍ॅपचे खाते नव्या फोनात एसएमएसच्या आकड्यावरच सुरू करता येते. ज्याने त्याचा स्वतंत्र सहा आकडी पिन लावलेला नाही, त्याचा नंबर गेला की त्याच्या नावाने व्यापाऱ्यांकडे उसने पैसे मागणारे संदेशही सुटतात. तेव्हा पैसे तर जातातच, पण वीस वर्षांत कमावलेली पतही जाते.

जबाबदारी कोणाची?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. फसवणूक झाली की बँकेचा अधिकारी म्हणतो, ओटीपी बरोबर टाकला गेला होता, म्हणजे व्यवहार तुम्हीच केला. हा युक्तिवाद आपण मान्य करता कामा नये. ओटीपी बरोबर असणे म्हणजे तो संदेश ज्याच्या हाती पडला त्याने टाकला, एवढेच सिद्ध होते. तो माणूस खातेदारच होता, हे त्यातून सिद्ध होत नाही. नंबर म्हणजे माणूस नव्हे.

काही जण म्हणतील की ओटीपीमुळेच आजवर पुष्कळ चोऱ्या टळल्या. हे खरे आहे. रिझर्व्ह बँकेने २००९ सालापासून इंटरनेटवरील कार्ड व्यवहारांना दुसऱ्या ओळखीची सक्ती केली. त्यामुळे नुसता कार्डावरचा नंबर चोरून भागेनासे झाले. शिवाय ज्याच्याकडे साधा फोन आहे, ज्याला वाचता येत नाही, अशा कारागिराला एसएमएस हाच सोपा पडतो. म्हणून एसएमएस उद्यापासून बंद करा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण दाराला कोणते कुलूप लावावयाचे हे बँक ठरविते, सिम कोणाला द्यावयाचे हे कंपनी ठरविते आणि कुलूप कच्चे निघाले तर भरपाई मात्र विणकराने करावयाची, हा कोठला न्याय? ज्याने कुलूप निवडले त्याने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे.

कायद्याचा कलही याच दिशेने आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे ठरविले की चूक बँकेची असेल तर, किंवा चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले असेल तर, ग्राहकावर काहीही बोजा पडणार नाही. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच टाकला. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही अशीच तत्त्वे लागू केली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेच्या एका ग्राहकाच्या खात्यातून गेलेले ९४ हजारांहून अधिक रुपये बँकेनेच भरून द्यावेत, हा निर्णय कायम ठेवला. त्या ग्राहकाने २४ तासांच्या आत तक्रार केली होती, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने एसएमएसखेरीज ओळखीच्या इतर साधनांनाही वाव देणारे नवे निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरविली. निर्देश न पाळता व्यवहार होऊन नुकसान झाले तर बँकेने कुरकुर न करता पूर्ण भरपाई द्यावी, असे त्यांत म्हटले आहे. नियमांचा तपशील वेळोवेळी बदलतो, म्हणून आपल्या बँकेकडून आजचा नियम लेखी मागून घ्यावा.

व्यापारी संघटनांनी काय मागावे

एकट्या कारागिराच्या अर्जाला बँक दाद देणार नाही. यंत्रमाग संघटना, बाजार समितीतील अडत्यांचे मंडळ, कारागिरांच्या सहकारी संस्था यांनी एकत्र येऊन चार गोष्टी मागितल्या पाहिजेत. पहिली, चालू खात्यातून ठराविक रकमेपेक्षा मोठा व्यवहार केवळ एसएमएसवर होऊ नये, ती रक्कम खातेदाराने स्वतः ठरवावी. दुसरी, सिम बदलल्याची खबर कंपनीकडून बँकेला तत्काळ जावी आणि नवा फोन जोडल्यावर काही काळ मोठे व्यवहार आपोआप थांबावेत. तिसरी, साध्या फोनवाल्या गरीब खातेदाराला या बदलात मागे टाकू नये. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, बँकेनेही आपली ओळख पटवून द्यावी. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकांना सेवेसाठी व व्यवहारासाठी करावयाच्या फोनांकरिता १६०० ने सुरू होणारे नंबर वापरण्यास सांगितले आणि त्याच वर्षी बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा वेगळा शेवट ठरवून दिला. ओळख दोन्ही बाजूंनी पटविण्याची ही सुरुवात आहे. प्रत्येक शाखेत याची पाटी मराठीत आणि उर्दूत लागली पाहिजे.

हे होईतो आपल्या हातात आहे तेवढे आजच करावे. बँकेला जोडलेला नंबर वेगळा ठेवावा, तो दुकानाच्या पाटीवर व बिलावर छापू नये. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन आणि सिमलाही पिन लावावा. फोनात दुसऱ्या पिढीचे नेटवर्क बंद करण्याची सोय असेल आणि आपले सिम त्याशिवाय चालत असेल तर ते बंद ठेवावे. सरकारच्या ‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते. ते वर्षातून दोनदा पाहावे आणि अनोळखी सिमची तक्रार तेथेच नोंदवावी. बँकेतून फोन आला म्हणून कोणी सांगितले तर तो ठेवून द्यावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करावा. विनाकारण सिमचा सिग्नल गेला तर तासभर वाट न पाहता दुसऱ्या फोनावरून कंपनीला व बँकेला कळवावे. पैसे गेलेच तर १९३० या नंबरावर ताबडतोब तक्रार करावी, बँकेलाही लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पोच नसलेली तक्रार ही सही नसलेल्या पावतीसारखीच समजावी.

मोबाइल टाळून आज धंदा करता येणार नाही आणि टाळण्याचे कारणही नाही. त्यानेच लहान कारागिराला दलालावाचून गिऱ्हाईक मिळवून दिले आहे. परंतु आपल्या गल्ल्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल तर त्या दुसऱ्याला जाब विचारण्याचा हक्कही आपला आहे. बाजारात आपण अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून माल सोडीत नाही. फोनवरही सोडू नये, आणि जे आपली ओळख मागतात त्यांची ओळख मागितल्याशिवाय राहू नये.